कडेची फुलं

"मधे काही आलंय का बघ गं हेमे," आई दारातूनच म्हणाली आणि तिनं कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे ठेवायला गेली. तो टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर लटकला आणि मी पुढं होऊन झेलला म्हणून वाचला.

"मधे म्हणजे कुठं?"

"फोटोच्या मधे. एखादं तरी फूल."

सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून आत आलं होतं. आईच्या साडीचा काठ दवानं ओला झाला होता आणि चपलांना चिखल लागला होता. मी वायर जोडून फोटो उघडले. पहिल्या फोटोत जास्वंद होती, पण पार उजव्या कडेला, अर्धी बाहेर गेलेली. मधे शेजारच्या काण्यांच्या कंपाउंडची भिंत. दुसऱ्यात कण्हेरीचा झुबका वरच्या कडेला चिकटलेला, मधे आभाळ. तिसऱ्यात तगर, अगदी तळाशी. पुढच्या फोटोत गोकर्णीचं निळं फूल डाव्या कोपऱ्यात दडून बसलं होतं आणि मधे पुन्हा काण्यांची भिंत.

"काण्यांची भिंत छान आलीये," मी म्हणाले. "शेवाळसुद्धा स्पष्ट दिसतंय. त्यासाठी पहाटे उठून कशाला जायचं? आपल्या घराला चार भिंती आहेत."

"आणि फुलं?"

"कडेला. सगळी कडेला पळालीत. तुझ्यासमोर यायला लाजतात बहुतेक."

माझ्या असल्या बोलण्यावर आई एरवी एक टोला परतवायची. त्या दिवशी ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पाय धुवायला मागच्या अंगणात गेली.

याला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा वेबसाइटच्या मागं फुलांचं चित्र लावायची फार हौस होती लोकांना. आता कुणी लावत नाही, आणि लावलं तर लोक हसतील. मी पुण्यातली नोकरी सोडून मिरजेला घरी आले होते आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून वेबसाइट बनवून द्यायची. बाबा जाऊन बराच काळ लोटला होता. घरात मी आणि आई, आणि तिचे देव.

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. अख्खा सांगली जिल्हा तिनं कानानं ओळखलेला. कुणी दारात उभं राहून नुसतं खाकरलं तरी ती आतून नाव सांगायची. शिवाय ती आमच्या कॉलनीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धीट फुलचोर होती. पहाटे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आकडी घेऊन निघायची आणि लोक दात घासायला अंगणात यायच्या आत भिंतीबाहेर डोकावणारं प्रत्येक फूल तिच्या पिशवीत गेलेलं असायचं. काण्यांनी एकदा जास्वंदीला पाटी लावली होती, 'फुले तोडू नयेत'. आईनं पाटीमागची फुलं तोडली. देवासाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. मी लहानपणी लाजेनं मान खाली घालून तिच्यामागून चालायचे.

मग त्याच्या आदल्या दिवाळीनंतर कधीतरी तिनं आकडी कोपऱ्यात उभी करून ठेवली ती ठेवलीच. मस्कतच्या मामानं दिलेला डिजिटल कॅमेरा कपाटात पडून होता, तो काढून माझ्याकडून शिकून घेतला आणि त्याच वेळी, त्याच भिंतींवरून ती फोटो काढत फिरायला लागली. देवांना बाजारातली झेंडूची फुलं येऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, "पुरे झालं तोडणं. आता नुसती बघते." कॉलनीनं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मलाही खरं तर बरंच वाटलं.

त्या वर्षी माझं आणि तिचं एका गोष्टीवरून बिनसलं होतं. म्हणजे माझंच बिनसलं होतं, तिला पत्ताच नव्हता. माझं नाक टोचावं ही तिची फार जुनी इच्छा. तिची स्वतःची चमकी, एका पांढऱ्या खड्याची, बाबा गेल्यावर तिनं काढून डबीत ठेवली होती आणि दर सणाला ती डबी माझ्यासमोर उघडायची. मी दर सणाला नाही म्हणायचे. मग चैत्रात मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी गुपचूप डबी घेतली, सोनाराकडं गेले आणि नाक टोचून, तीच चमकी घालून घरी आले. नाक लाल, डोळ्यांत पाणी. वाटलं होतं, आता ही आनंदानं सगळी कॉलनी गोळा करणार. आई माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आलीस? हातपाय धू, आमटी गरम करते."

बस्स. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानंही नाही. मग मीही हट्टाला पेटले. आपणहून सांगायचंच नाही असं ठरवून टाकलं. आतून मात्र मला फार लागलं होतं. मला वाटायचं, इतकी वर्षं नाही म्हणालो, आता हिला आपल्यात काही रसच उरलेला नाही.

श्रावण संपत आला होता तेव्हा जयसिंगपूरजवळचे नर्सरीवाले सातगोंडा चौगुले माझ्याकडं आले. मोठा माणूस, मोठा आवाज, आणि खुर्चीवर बसले की खुर्ची कुरकुरायची.

"ताई, गणपतीच्या आधी आमची वेबसाइट चालू झाली पायजे बगा," ते म्हणाले. "आनि पान उघडलं की मागं फुलंच फुलं. कुठवर बी खाली जावा, संपायलाच नकोत."

"तुमच्या फुलांचे फोटो आहेत का?"

"फोटो कुठले वो! फुलं हायत. ट्रकभर आनू काय?"

आई आतून बाहेर आली. "चौगुले, आवाज बसलाय तुमचा. पावसात भिजलात वाटतं?"

"व्हय काकू," ते खूष होऊन उभे राहिले. त्यांनी येताना एक केशरी गुलाब आणला होता, लांब दांड्याचा. काही न बोलता, अगदी नाटकात देतात तसा, तो त्यांनी आईसमोर धरला. आई त्यांच्या खांद्यापलीकडं बघत होती. "नदीला पाणी किती आहे?" तिनं विचारलं. चौगुल्यांनी गुलाब जरा पुढं केला. आई पाण्याबद्दलच बोलत राहिली. शेवटी त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला आणि ती चहा करायला गेल्यावर मला म्हणाले, "काकू रागावल्यात काय आमच्यावर?"

"तुमच्यावर नाही," मी म्हणाले. "ती हल्ली अशीच करते."

चहा देताना आईनंच मग आपले फोटो वापरायची गोष्ट काढली. चौगुल्यांना ते एकदम पसंत पडलं. पानाच्या तळाशी 'छायाचित्रे : श्रीमती प्रमिला आठल्ये' असं लिहायचं ठरलं. ते गेल्यावर आई कितीतरी वेळ कप हातात धरून बसली होती.

"आयुष्यभर मी त्या तारांतून लोकांचे आवाज पाठवले," ती म्हणाली. "आता माझी फुलं जाणार होय त्याच तारांतून?"

"जाणार. अमेरिकेपर्यंत जाणार."

"गेली की मला दाखव हं. मला ती एकदा नीट बघायचीत." एवढं ती इतक्या कळकळीनं म्हणाली की मी खोड्या काढायचं विसरले.

आमच्या स्वयंपाकघरात नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या होत्या. एकेका फरशीवर अख्खं फूल कुठंच नसायचं, चार कोपऱ्यांत पाव पाव फूल. चार फरश्या शेजारी आल्या की त्यांच्या मधे एक पुरं फूल उमलायचं. वेबसाइटच्या मागची फुलं अगदी तशीच करतात. एकच लहानसं चौकोनी चित्र असतं, कॉम्प्युटर तेच शेजारी शेजारी, खाली खाली मांडत जातो, पडदा भरेपर्यंत. उजवी कड डाव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला बेमालूम जुळायला हवी. ती जुळवण्यासाठी चित्राचे चार तुकडे करून त्यांच्या जागा बदलतात. मग कडेचं मधे येतं आणि मधलं कडेला जातं. मधोमध अधिकच्या चिन्हासारखी एक फट उघडी पडते. ती पानापाकळ्यांनी बुजवायची, की संपलं काम.

म्हणायला संपलं. बाकीच्यांचे फोटो घेऊन हे करायला गेलं की नाकी नऊ येतात, कारण लोक फूल मधोमध धरतात आणि कडेला काहीच नसतं. आईच्या फोटोंचं उलट होतं. तिची सगळी फुलं आधीच कडेला जाऊन बसलेली. तुकड्यांच्या जागा बदलल्या की ती आपोआप मधे यायची. एका पहाटेची अर्धी जास्वंद उजवीकडं कापली गेलेली, दुसऱ्या एका पहाटेची डावीकडं. दोन्ही अर्धी मी जवळ आणली तर एक फूल झालं. ते फूल कुठल्याच झाडावर कधी उमललं नव्हतं, आणि तरी खरं होतं.

मी त्या कामात बुडून गेले. दिवसभर पाकळ्या जुळवायच्या, जोड पुसायचा, पडदाभर मांडून बघायचं, पुन्हा मोडायचं. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत जास्वंदी सरकत राहायच्या, ओळीनं, न थांबता. जेवताना पानातल्या भातावर निळी गोकर्ण तरंगायची. दुपारी जरा आडवी झाले की छत हळूहळू भरत जायचं आणि त्याला कड नसायची. मला ते आवडायला लागलं होतं. आई शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसलेली असायची आणि बाहेर ऊनपावसाचा खेळ चाललेला असायचा.

पहिल्या खेपेला एक गंमत झाली. जास्वंदीच्या देठावर एक मुंगळा होता. एका फोटोत तो कुणाच्या लक्षातही आला नसता. पडदाभर मांडल्यावर मात्र मुंगळ्यांची शिस्तबद्ध पलटण निघाली, तिरक्या रांगेत, थेट खालपर्यंत. मी आईला हाका मारमारून सांगितलं. ती हसली खरी, पण पडद्याकडं बघून नाही, माझ्या आवाजाकडं बघून.

"एकटा असला की लपून जातो गं," मी म्हणाले. "रांगेत उभा केला की दिसतो. असलं काही राहिलं की सगळं चित्र बिघडतं."

"मग काढ त्याला."

"काढलाच."

दोन दिवसांनी दुपारी मी चित्राचे तुकडे फिरवून ठेवले होते. फट अजून बुजवलेली नव्हती. मधोमध जाड पांढरा उभा पट्टा, जाड पांढरा आडवा पट्टा, आणि त्यांच्या चारी बाजूंना तुटलेल्या पाकळ्या. मी पाणी प्यायला उठले, परत आले, तर आई माझ्या खुर्चीमागं उभी होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान झालंय गं. अगदी छान."

मी पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "काय छान झालंय?"

"फुलं. सगळंच."

"आई, मधे एवढी मोठी फट आहे! आंधळ्यालासुद्धा दिसेल." माझा आवाज चढला. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं. "बघायचं नसेल तर नको बघूस. पण न बघता छान म्हणू नकोस. तू कुठं बघतेस हल्ली? तो चौगुल्यांचा गुलाब, तो तरी बघितलास? माझ्याकडं तरी बघतेस का कधी?"

चाचपडत आईनं खुर्चीची पाठ धरली आणि ती बसली.

"बघते गं," ती म्हणाली. "बघितलं की जातेस."

"म्हणजे?"

"आधी फुलं जायला लागली. दिवाळीच्या सुमाराला. काण्यांची ती टपोरी जास्वंद, आकडी नेली तिच्याजवळ, बघते तर नाहीच. मान वळवली तर आहे. परत बघितलं, नाही. तीन-चार सकाळी असंच. जिच्याकडं बघावं ती जायची आणि बाजूच्या सगळ्या तिथंच. मला चिडवतायत असं वाटलं."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? चाळीस वर्षं चोरली मी फुलं. ना मालकाला विचारलं, ना झाडाला. देवाला वाहते म्हणून चालतं, असं मीच ठरवलं. आता फुलं रागावली. म्हणाली असतील, हिच्यासमोर जायचंच नाही." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "म्हणून तोडणं सोडलं. म्हटलं, रोज जायचं, हात लावायचा नाही, नुसतं समोर उभं राहायचं. माफी मागायची. एखाद्या दिवशी फोटोच्या मधे आलं फूल, की समजायचं, राग गेला."

मला त्या क्षणी रोज सकाळचा तिचा तो प्रश्न आठवला, आणि माझी उत्तरंही. काण्यांची भिंत, शेवाळ, लाजतात.

"मग तव्यावरची पोळी जायला लागली," आई म्हणाली. "मग देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. आणि मग तू. फुलांचा राग मी समजू शकते हेमे. पण तू का जातेस? समोर येऊन उभी राहतेस, आवाज येतो, केस दिसतात, साडी नेसलीस की साडी दिसते. तोंडाच्या जागी काही नाही."

मी खाली फरशीवर बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मला भीती वाटली होती आणि तिचा रागही आला होता, इतके महिने हे एकटीनं घेऊन बसली म्हणून. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पडद्यावर ती फट तशीच उघडी होती.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून लहान असतील. त्यांनी खूप तपासण्या केल्या आणि शेवटी आईच्या हातात चौकटी चौकटी आखलेला एक कागद दिला. मधे एक ठिपका होता. "ठिपक्याकडं बघा आणि काय दिसतं ते सांगा, आजी."

"ठिपका नाही. आणि मधल्या चौकटी कुणीतरी पळवल्यात. कडेच्या आहेत."

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. वयानं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, कडेचा शाबूत राहतो. दोन्ही डोळ्यांत बरंच पुढं गेलंय. कडेचं जाणार नाही, पण मधलं परत येणार नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर, फुलं तोडल्यानं असं होतं का?"

"कसली फुलं?"

"लोकांच्या झाडांची."

डॉक्टर हसल्या. "नाही हो आजी. फुलांचा काय संबंध?"

आईनं मान हलवली. मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. रिक्षात बसल्यावर ती हळूच म्हणाली, "राग असता तर बरं झालं असतं."

"असं काय म्हणतेस?"

"रागावलेला माणूस आज ना उद्या निवळतो. आजाराची माफी कुठं जाऊन मागायची?"

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठलीच नाही. कॅमेरा फ्रिजवर जाऊन बसला. मी म्हटलं, चल, मी येते बरोबर. ती म्हणाली, आता काय उपयोग. दिवसभर रेडिओ चालू असायचा, पण कुठलंही गाणं लागलं तरी ती त्याच्यामागं गुणगुणत नव्हती. तिची फुलं तारांतून जाणार होती, आणि तिला ती बघता येणार नव्हती. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी ते चित्र पुरं करायला घेतलं.

मी ते सावकाश केलं. तिच्या सगळ्या कडेच्या फुलांना जागा दिली. काण्यांची जास्वंद, कोपऱ्यातली गोकर्ण, तळाशी गेलेली तगर. चित्र मोठं ठेवलं, फुलं तळहाताएवढी. चौगुल्यांचं पान उघडायला त्यानं जरा वेळ लागला असता, पण लागू दे म्हटलं. मधली फट मी एकेका पाकळीनं बुजवली. शेवटी जोड कुठं होता ते मलाच सापडेना.

गणपती दोन दिवसांवर आले होते. सकाळी मी आईला हात धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. पडदाभर चित्र मांडलेलं होतं.

"कुठं बघू?" तिनं विचारलं. आवाज थकलेला होता.

"कुठंही बघ."

"बघितलं की जाणार."

"जाऊ दे. शेजारी दुसरं आहे. ते गेलं तर त्याच्या शेजारी आहे. तू बघ तर."

आईनं पडद्याकडं तोंड केलं. सवयीनं तिची मान जरा तिरकी झाली होती, हळूहळू ती सरळ झाली. खिडकीतून ऊन येत होतं आणि जास्वंदी तिच्या चष्म्यावर उमटल्या होत्या. बाहेर रस्त्यावरून कुणी गणपतीची आरास घेऊन चाललं होतं, त्यांचा आवाज आला आणि गेला.

"हेमे," ती म्हणाली. "भोक नाही गं."

"काय?"

"मधलं भोक. बुजलं. सगळीकडं फुलं आहेत. मधेसुद्धा आहेत." तिनं हात पुढं केला आणि बोटं पडद्याच्या काचेवर टेकवली. काच बारीकशी चरचरली. "ही बघ. ही काण्यांची. आणि ही निळी. जात नाहीये."

डॉक्टरांनी पुढं कधीतरी सांगितलं की असं होतं. सभोवती सगळीकडं एकच नक्षी असली की डोळा तीच ओढून घेतो आणि मधलं भोक आपल्याआपण भरतो. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी नुसती तिच्या मागं उभी होते. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, पुसायला हात लावला तर फुलं जातील अशी भीती वाटत असावी.

"गेला म्हणायचा फुलांचा राग," ती म्हणाली.

मी तिला दुरुस्त केलं नाही.

खूप वेळानं तिनं मान फिरवली. मी ज्या बाजूला उभी होते तिकडं वळली, आणि नेहमीप्रमाणे माझ्या कानाच्या जरा पलीकडं बघायला लागली. "फ्रिजवरचा कॅमेरा आण," ती म्हणाली. "आणि भिंतीपाशी उभी राहा."

"माझा फोटो? अगं, अंघोळ पण झाली नाहीये माझी."

"राहा म्हटलं ना."

तिनं फोटो काढला. अर्थातच माझा चेहरा उजव्या कोपऱ्यात गेला होता आणि मधे आमच्या खोलीची भिंत आली होती. कॅलेंडरसुद्धा होतं अर्धं. मी कोपऱ्यातला चेहरा घेतला, मोठा केला, चौकोनात बसवला, आणि कॉम्प्युटरला मांडायला सांगितलं. क्षणभरात पडदाभर मीच. विस्कटलेल्या केसांची, झोपाळू डोळ्यांची, शेजारी शेजारी, खाली खाली. काय ध्यान दिसत होतं! मला हसू आवरेना.

"हसू नकोस," आई म्हणाली. "सरक बाजूला."

ती बघत राहिली. पडद्यावर एका जागी, मग दुसऱ्या जागी, आणि मग तिनं नजर हलवायचंच सोडून दिलं. मग तिच्या कपाळावर एक आठी पडली.

"हे काय चमकतंय?"

"कुठं?"

"हे काय, रांगेनं. सगळ्यांच्या तोंडावर. खालपर्यंत गेलंय."

"मुंगळा असेल," मी कसंबसं म्हणाले.

"मुंगळा चमकत नाही."

ती खुर्चीत वळली. तिचा हात वर आला, आधी माझ्या हनुवटीला लागला, मग गालाला, आणि मग तिचं बोट माझ्या नाकावर येऊन थांबलं. खड्यावरून ते एकदा फिरलं. तिला तो बोटानं ओळखू आला. इतकी वर्षं तिच्याच नाकात होता.

"कधी टोचलंस?"

"चैत्रात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुला दिसलं असेल."

आईनं बोट काढलं नाही. "दुखलं का गं?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. डोळे पुसून, चष्मा परत चढवून ती पडद्याकडं वळली आणि ताठ बसली.

"आता हलू नकोस," ती म्हणाली. "मला नीट बघू दे."

पडद्यावरची मी कशाला हलणार होते? पण मी तिच्या खुर्चीमागं, श्वास धरून, अजिबात न हलता उभी राहिले.